जुनं पातं आमच्याकडे देण्याआधी

घरात आजोबांचा घडीचा चाकू किंवा आजीचा अडकित्ता असेल, तर तो धारेला आणण्यापूर्वी एवढं वाचाच.

गिरगावातल्या आमच्या दुकानात महिन्यातून एका रविवारी जुनी पाती जमवणारी दहा-बारा मंडळी जमतात. या बैठकीची सुरुवात आमच्याच चुकीतून झाली. एका काकांनी वडिलांचा रॉजर्स कंपनीचा चाकू धारेला दिला होता. आमच्या कारागिराने तो बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून आरशासारखा लखलखीत केला. काकांनी पातं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, शिक्का कुठे गेला?" मुठीलगतचा कंपनीचा शिक्का पार घासून गेला होता. पुढच्या रविवारी काका आपले बाकीचे चाकू घेऊन आले, काय जपायचं ते आम्हाला दाखवायला. मग त्यांचे मित्र येऊ लागले.

शिक्क्यावरून चाकूचं वय काढता येतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे चांदणी आणि क्रॉस. तिच्या अनेक चाकूंवर मुकुटाच्या दोन बाजूंना अक्षरं असतात. 'व्ही आर' असेल तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा. 'जी आर' असेल तर बहुधा १९१० नंतरचा. पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलेलं असलं, तर तो १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही; हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद बनवलं तेच त्या वर्षी.

साध्या पोलादाच्या पात्यावर कांदा-कैरी चिरून चिरून निळसर काळी झाक येते. ती राहू द्या. लालसर, बोटाला लागणारा गंज मात्र वेगळा. तो आम्ही तेल लावून हलक्या हाताने काढतो. जुन्या पात्याची धार निसण्यावरच, म्हणजे धारेच्या दगडावरच लावतो, मशिनवर नाही. वेळ लागतो, मजुरीही जास्त पडते.

मुंबईच्या पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खराब होतं. शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा. स्वयंपाकातल्या पात्याला खोबरेल लावा.

कायद्याचंही सांगायला हवं. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून विळी-कोयता खुशाल आणा. तलवार, कट्यार किंवा बटणाचा चाकू आम्ही घेत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती परदेशी नातेवाइकांकडे परस्पर पाठवू नका.

अडकित्त्यांचा नाद असेल, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा तरी पाहा. घोड्याच्या, पोपटाच्या आकाराचे अडकित्ते पाहताना तासभर कसा जातो कळत नाही.

वस्तू देताना शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. आम्हीही काढतो, आणि पावतीला जोडतो.