कीस्टोनचे पोलिस आणि कीटनचे पोलिस

यूट्यूबवर मूकपटांचे तुकडे बघणाऱ्याला एक दृश्य हमखास भेटतं. रिकामा रस्ता. चपट्या टोपीतला एक किरकोळ अंगाचा तरुण जिवाच्या आकांताने पळत येतो आणि बघता बघता त्याच्यामागे अख्खा रस्ता पोलिसांनी भरून जातो. या दृश्याखाली कित्येकदा 'कीस्टोन कॉप्स' असं लिहिलेलं असतं. ते चुकीचं आहे. हे दृश्य अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या 'कॉप्स' (म्हणजे पोलिस) या १९२२ च्या लघुपटातलं आहे आणि विनोदी मूकपट काढणाऱ्या कीस्टोन कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. कीटनने कीस्टोनमध्ये कधी काम केलं नाही.

गोंधळ होण्यासारखाच आहे. दोन्हीकडे मूकपट, दोन्हीकडे लॉस एंजेलिसचे रस्ते, दोन्हीकडे गणवेशातल्या पोलिसांचा लोंढा. पण हसू येतं ते वेगवेगळ्या जागी. कीस्टोनमध्ये आपण पोलिसांना हसतो. कीटनकडचे पोलिस बऱ्यापैकी गंभीर आहेत, आणि तिथे हसायचं असतं ते त्यांच्या तावडीत सापडलेल्या एका माणसाच्या नशिबाला. हा फरक ध्यानात न घेता 'कॉप्स' बघितला तर त्यातली निम्मी गंमत हातची जाते, म्हणून हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी कीस्टोन. 'कीस्टोन कॉप्स' नावाचा एकच एक सिनेमा नाही. एका कंपनीच्या अनेक छोट्या चित्रपटांतून धुमाकूळ घालणारी ती पोलिसांची टोळी. कॅनडात जन्मलेल्या मॅक सेनेटने १९१२ साली ॲडम केसेल आणि चार्ल्स बाउमन यांच्या पैशावर कीस्टोन कंपनी काढली. स्टुडिओ होता लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात. त्याआधी सेनेट बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली होता. पोलिसांवर विनोदी चित्रपट काढावेत हे आपल्या मनात तेव्हापासून होतं, पण ग्रिफिथला ते पटलं नाही, असं सेनेट पुढे सांगत असे. फ्रेंच पाते कंपनीच्या पाठलागपटांची आपण नक्कल केली, हेही त्याने मोकळेपणाने मान्य केलं होतं.

ही टोळी लोकांच्या नजरेत भरली १९१३ च्या 'द बँगव्हिल पोलिस'पासून. जेमतेम आठेक मिनिटांचा खेळ. नटी मेबल नॉरमंड यात शेतकऱ्याची पोर झाली आहे. तिला एक वासरू हवं आहे. गोठ्याकडून तिला अनोळखी माणसांची चाहूल लागते. चोरच शिरले असं समजून ती दाराला सामान लावते आणि फोन करून पोलिसांना बोलावते. मग काय, ठाणेदार बिछान्यातून उठतो, पिस्तूल झाडतो, एक खटारा मोटार धूर ओकत निघते आणि बाकीचे शिपाई पायीच धावत, धडपडत सुटतात. शेवटी चोर कुठेच नसतात आणि गोठ्यात वासरू असतं. पुढे सगळ्यांच्या ओळखीचा झालेला गणवेश या चित्रपटात अजून नीट आलेला नाही. हे खेडवळ पोलिस आहेत. उंच हेल्मेट, लांब कोट, अंगात न बसणारे कपडे हे सगळं नंतर पक्कं झालं.

साचाही नंतरच पक्का झाला. ठाणेदाराच्या खुर्चीत बहुधा फोर्ड स्टर्लिंग. हनुवटीवर दाढीची शेंडी, डोळे वटारलेले. फोन वाजतो, तो खुर्चीतून हातभर उडतो, आरोळी ठोकतो. आतल्या खोलीतून शिपाई धावत येतात, एकमेकांवर आपटतात, पडतात, उठतात, सलाम ठोकताना पुन्हा पडतात. मग सगळे एका गाडीत कोंबले जातात, आणि वळणावर त्यातले दोन-चार रस्त्यावर सांडतात. गुन्हा काय होता हे एव्हाना कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

या टोळीत कायमचे सदस्य असे नव्हते. रॉस्को आर्बकल, एडगर केनेडी, हँक मान, अल सेंट जॉन असे कितीतरी नट आळीपाळीने तो गणवेश चढवत. चार्ली चॅप्लिन १९१४ साली कीस्टोनमध्ये होता, आणि त्यानेही एकदा तो चढवला. 'अ थीफ कॅचर' या त्या चित्रपटाची प्रत हरवली असंच सगळे धरून चालले होते. २०१० साली ती सापडली आणि त्यात शिपायाच्या वेशातला चॅप्लिन दिसला. कुणीही यावं आणि शिपाई व्हावं, अशी ही व्यवस्था. कीस्टोनच्या शिपायाला नाव नसतं, घर नसतं, मनात काही नसतं. असतं फक्त शरीर. एक ढोल, एक काटकुळा, एक बुटका, आणि प्रत्येकाची पडण्याची तऱ्हा निराळी. त्या काळच्या स्वस्त चित्रपटगृहांत मजूर आणि नव्याने अमेरिकेत आलेले लोक मोठ्या संख्येने येत. दंडुकेवाला साहेब चिखलात पडताना बघून या प्रेक्षकाला किती बरं वाटत असेल! मला वाटतं सेनेटची खरी कमाई तिथे आहे.

आता कीटन. 'कॉप्स' मार्च १९२२ मध्ये आला, दोन रिळांचा, साधारण १८ मिनिटांचा. दिग्दर्शन बस्टर कीटन आणि एडी क्लाइन यांचं. पहिल्याच दृश्यात कीटन गजांआड उभा आहे आणि गजांच्या पलीकडे एक तरुणी. तुरुंगातली भेट असावी असं वाटतं. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूने दाखवतो की ते तिच्या बंगल्याचं फाटक आहे. ती नगराध्यक्षाची मुलगी आहे, आणि मोठा व्यापारी झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं तिने त्याला बजावलं आहे. तुरुंग, प्रेम आणि पोलिस या तिन्हींची गाठ त्या एका दृश्यात मारून झालेली असते. सेनेटच्या कारखान्यात असा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

पुढे एक ठक त्याला दुसऱ्याचंच सामान विकतो. ते एका पोलिसाच्या घरातलं, बिऱ्हाड हलवण्यासाठी रस्त्यावर काढून ठेवलेलं. पोलिसाच्या घरच्यांना वाटतं हा हमालच आहे, ते आनंदाने सामान गाडीवर चढवू लागतात. घोडागाडी घेऊन निघाल्यावर वळताना हात दाखवावा तर कुत्रा हाताला चावतो. म्हणून कीटन लांब होणाऱ्या लाकडी कैचीच्या टोकाला बॉक्सिंगचा हातमोजा बसवतो आणि त्याने वळणाची खूण करतो. तो मोजा जातो थेट चौकातल्या पोलिसाच्या तोंडावर. इथे नीट बघा. पोलिस आपलं काम करत उभा आहे, त्याचं काहीच चुकलेलं नाही. कीटननेही मुद्दाम काही केलेलं नाही. रहदारीचा नियम पाळायलाच तर तो मोजा लावला होता. दोन्ही बाजू सरळ आणि तरी फटका बसतो, ही कीटनची रीत.

मग ही गाडी पोलिसांच्या वार्षिक संचलनात घुसते. दुतर्फा माणसं टाळ्या वाजवतायत, मंचावर नगराध्यक्ष आणि त्याची मुलगी. छपरावरून एक अराजकवादी बॉम्ब फेकतो, तो नेमका गाडीत येऊन पडतो. कीटनला सिगारेट पेटवायची असते. तो शांतपणे बॉम्बच्या वातीवर ती पेटवतो आणि बॉम्ब मागे भिरकावून देतो. स्फोट होतो आणि शहरातला एकूण एक पोलिस त्याच्या मागे लागतो. १९२२ च्या प्रेक्षकाला हा नुसता गमतीचा बॉम्ब वाटला नसणार. दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर १९२० मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोडागाडीत ठेवलेल्या बॉम्बने ३० हून अधिक माणसं मारली होती आणि संशय अराजकवाद्यांवर होता. घोडागाडी आणि बॉम्ब पुन्हा एकत्र आणून त्यावर सिगारेट पेटवून दाखवायची, याला धाडस लागतं.

इथून पुढचा पाठलाग कीस्टोनशी ताडून बघण्यासारखा आहे. कीस्टोनचे पोलिस पडतात म्हणून गुन्हेगार सुटतो. कीटनचे पोलिस पडतात कमी, येतात मात्र सगळीकडून. ते गल्लीच्या तोंडातून पुरासारखे येतात, शिस्तीने, एका वेगाने, आणि त्यांच्यात ढोल-काटकुळा असा भेद आपल्याला दिसेनासा होतो. कॅमेरा लांब ठेवलेला, म्हणजे रस्त्याचा आकार आणि त्यातला एकटा माणूस दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत भरतात. एका ठिकाणी कुंपणावर आडवी शिडी ठेवली आहे, मधोमध कीटन, दोन्ही टोकांना पोलिस. एक टोक खाली ओढलं की दुसरं वर जातं. तो मध्ये तोल सावरत या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, आणि तीच ओढाताण त्याला शेवटी पलीकडे फेकून देते. दुसरीकडे पोलिस अगदी पाठीशी आले असताना एक मोटार बाजूने जाते, तो एक हात पुढे करून ती पकडतो आणि जमिनीला समांतर उडत पडद्याबाहेर जातो. यात चित्रफितीची कापाकापी नाही. माणूस तो, मोटार खरी, आणि ते एका सलग दृश्यात घडतं. चेहऱ्यावर या सगळ्याची एक रेषही उमटत नाही.

या दोन जगांना जोडणारा मोठा दुवा म्हणजे रॉस्को आर्बकल. कीस्टोनच्या गणवेशात धावलेला हाच आर्बकल पुढे कीस्टोन सोडून बाहेर पडला आणि १९१७ साली 'द बुचर बॉय'मध्ये कीटनला पहिल्यांदा पडद्यावर घेऊन आला. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटून घेणाऱ्या कीटनला पडायचं कसं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कॅमेरा कसा चालतो हे मात्र तो आर्बकलजवळ शिकला. 'कॉप्स' आला तेव्हा आर्बकलवर सदोष मनुष्यवधाचे खटले चालू होते. एप्रिल १९२२ मध्ये तिसऱ्या खटल्यात तो निर्दोष सुटला. निरपराध माणसामागे सगळं शहर लागतं, या कथेत काही समीक्षकांना मित्राच्या त्या हालअपेष्टांची सावली दिसते. मला हे वाचन पटतं.

दोन्ही एकसारखे वाटण्यामागे वेगाचाही मोठा हात आहे. कीस्टोनमध्ये कॅमेऱ्याचा दांडा मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे सेकंदाला चित्रं कमी निघत आणि नेहमीच्या वेगाने दाखवली की पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात; ती घाई हाच त्यांचा ताल. पुढे बोलपटांमुळे सेकंदाला २४ चित्रांचा वेग ठरला, आणि त्याहून कमी वेगाने चित्रित केलेले मूकपट त्याच यंत्रांवर दाखवले गेले. सगळेच मूकपट मग कीस्टोनसारखे धावू लागले. कीटनच्या विनोदात थांबणं, बघणं, विचार करणं याला फार जागा आहे. वेग वाढला की तेच पहिल्यांदा मरतं.

शेवटही ताडून बघा. कीस्टोनचा पाठलाग कुठेही संपतो, पुष्कळदा सगळे पाण्यात. 'कॉप्स'मध्ये कीटन थेट पोलिस ठाण्यात शिरतो, त्याच्यामागे सगळे पोलिस. थोड्या वेळाने गणवेशातला एकजण बाहेर येतो, दाराला कुलूप लावतो, किल्ली कचऱ्याच्या डब्यात टाकतो. तो कीटनच. जिंकला. तेवढ्यात नगराध्यक्षाची मुलगी येते आणि नाक मुरडून निघून जाते. तो डब्यातून किल्ली काढतो, दार उघडतो, आणि आतले हात त्याला ओढून घेतात. समाप्तीची पाटी म्हणजे एक थडगं, त्यावर तिरकी ठेवलेली त्याची चपटी टोपी. सेनेटच्या टोळीला असा शेवट झेपला नसता, आणि तिला त्याची गरजही नव्हती.

दोन्ही बघायचे असतील तर आधी 'द बँगव्हिल पोलिस' बघावा, मग 'कॉप्स'. १९५५ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीला घेऊन काढलेल्या कीस्टोनपटावरून मात्र मूळ टोळीची कल्पना करू नये; म्हातारा सेनेट त्यात स्वतः दिसतो, पण ते चाळीस वर्षांनंतरचं स्मरणरंजन आहे. आणि 'कॉप्स'ची प्रत निवडताना चालण्याचा वेग नैसर्गिक वाटतो का ते पहिल्या मिनिटातच तपासा. फाटकाजवळचा कीटन सुद्धा तुरुतुरु हलत असेल तर ती प्रत सोडून दुसरी शोधा.