दोन आयर्लंड आणि राखीव गोलरक्षक: पार्श्वभूमी

दोन महायुद्धांमधल्या काळातले काही आयरिश फुटबॉल गोलरक्षक क्लबात दुसऱ्या नंबरवर होते आणि देशाकडून मात्र पहिल्या. आज हे उलटं वाटतं. 1934 साली दक्षिण आयर्लंडमधल्या कॉर्कहून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला गेलेल्या तरुण गोलरक्षकाचं उदाहरण घ्या. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या त्या क्लबात, म्हणजे सेल्टिकमध्ये, पहिली जागा एका कॅनेडियन गोलरक्षकाकडे होती आणि ती रिकामी होण्याची चिन्हं नव्हती. ती जागा त्या कॅनेडियनाकडे आली त्यामागे एक मृत्यू आहे. 5 सप्टेंबर 1931 रोजी ग्लासगोतल्याच आयब्रॉक्सच्या मैदानावर या क्लबचा 22 वर्षांचा गोलरक्षक समोरून धावत आलेल्या फॉरवर्डच्या पायांत झेपावला, त्याच्या डोक्याला मार बसला आणि त्याच रात्री तो गेला. तो फॉरवर्ड मूळचा उत्तर आयर्लंडचा. क्लबला त्याच उन्हाळ्यातला अमेरिकेचा दौरा आठवला. तिथे विरुद्ध बाजूने खेळलेल्या गोलरक्षकाला बोलावणं गेलं, तो आला आणि 1939 पर्यंत राहिला. कॉर्कचा मुलगा त्याच्या मागे उभा राहिला.

‘राखीव’ म्हटलं की आपल्याला बाकावर बसलेला माणूस दिसतो. तेव्हा बाकच नव्हता. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडूची मुभा आली ती 1965 साली. त्याआधी गोलरक्षक जखमी झाला तर बचाव फळीतला नाहीतर पुढचा कुणीतरी त्याची जर्सी चढवून गोलात उभा राहायचा आणि संघ दहा जणांवर खेळायचा. राखीव गोलरक्षक त्या वेळी बहुधा दुसऱ्याच मैदानावर असायचा. पहिला संघ परगावी गेला की राखीव संघ घरी खेळे, आणि दर शनिवारी त्यालाही पूर्ण नव्वद मिनिटं खेळावंच लागे. पावसात भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू तोच आणि हातात चेंडू असताना खांद्याने धडक द्यायची प्रतिस्पर्ध्याला असलेली मुभाही तीच. पण रेकॉर्डबुकात पहिल्या संघाचेच सामने धरले जातात, म्हणून असा माणूस कामाशिवाय बसून होता असा समज होतो. हा समज चुकीचा आहे आणि तो सोडायला हवा.

‘राखीव’पेक्षाही ‘आयरिश’ या शब्दाने जास्त घोळ घातला आहे. आयर्लंड बेटावरची फुटबॉल संघटना 1880 पासून बेलफास्टला होती. 1921 मध्ये आयरिश कपाच्या उपांत्य सामन्यात डब्लिनच्या एका क्लबची बरोबरी झाली. फेरलढत डब्लिनला व्हायला हवी होती, पण बेलफास्टने तीही आपल्याच शहरात ठेवली. डब्लिनच्या क्लबने जायला नकार दिला आणि त्याच वर्षी डब्लिनला वेगळी संघटना उभी राहिली. 1923 मध्ये जागतिक संघटनेने (फिफाने) तिला दारात घेतलं, ब्रिटनच्या संघटनांनीही ‘फ्री स्टेट’ (ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या दक्षिणेच्या राज्याचं तेव्हाचं नाव) या नावाखाली तिला मान्यता दिली. तरीही बेलफास्टने संपूर्ण बेटातून खेळाडू निवडणं 1950 पर्यंत सोडलं नाही. 1936 पासून डब्लिननेही ‘फ्री स्टेट’ टाकून देऊन ‘आयर्लंड’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे एकाच नावाचे दोन संघ झाले, आणि दोघांचंही बोलावणं एकाच माणसाला येऊ शकत होतं. हा गुंता जागतिक संघटनेने पन्नाशीच्या दशकात सोडवला, तोवर या पिढीची कारकीर्द संपत आली होती.

गोलरक्षकांना याची झळ अधिक लागली, कारण संघात गोलरक्षकाची जागा एकच. बेलफास्टच्या गोलात 1920 ते 1936 या काळात 31 सामने एकच माणूस उभा राहिला. लिव्हरपूलला 1912 मध्ये तोही राखीव म्हणूनच गेला होता आणि तिथे 22 वर्षं राहिला. तो असताना उत्तरेतल्या दुसऱ्या गोलरक्षकांना देशाचा दरवाजा क्वचितच उघडे. डब्लिनचे सामने मात्र बऱ्याचदा रविवारी असत, शनिवारी खेळणारे इंग्लिश क्लब खेळाडू सोडायला नाखूष असत, आणि त्यामुळे तिथे घरच्या मुलांना संधी मिळे. कॉर्कच्या मुलाला ती अशीच मिळाली. 25 फेब्रुवारी 1934, रविवार, डब्लिनचं डॅलिमाउंट पार्क, विश्वचषकाची पात्रता फेरी, समोर बेल्जियम. चार गोल त्याने खाल्ले आणि चारही गोल आपल्याच एका फॉरवर्डने फेडले. सामना 4-4 असा सुटला. एप्रिलमध्ये अॅमस्टरडॅमला 5-2 ने हार झाली आणि विश्वचषक गेला. ग्लासगोला राखीव झाल्यावरही त्याला डब्लिनचं बोलावणं येतच राहिलं.

वाद पेटला तो 1937 मध्ये. मँचेस्टरच्या क्लबात पहिल्या जागेवर असलेला द्रॉहेडाचा गोलरक्षक मे महिन्यात डब्लिनकडून दोन सामने खेळला. बर्नला स्वित्झर्लंडला 1-0 आणि पॅरिसला फ्रान्सला 2-0 असं हरवलं, त्याने एकही गोल खाल्ला नाही. नोव्हेंबरात मात्र दोन्ही संघांच्या तारखा एकमेकींजवळ आल्या. रविवारी, 7 तारखेला, डॅलिमाउंटवर नॉर्वेविरुद्ध विश्वचषकाची परतीची लढत आणि बुधवारी, 10 तारखेला, अॅबर्डीनला स्कॉटलंडविरुद्ध बेलफास्टचा सामना. तो अॅबर्डीनला गेला. डब्लिनच्या गोलात इंग्लंडच्या तिसऱ्या विभागातला गोलरक्षक उभा राहिला. सामना 3-3 झाला, ऑस्लोतला 3-2 चा पराभव धरून बेरीज 6-5 आली आणि नॉर्वे विश्वचषकासाठी फ्रान्सला गेलं. अॅबर्डीनला 1-1 अशी बरोबरी झाली. तो असता तर तो एक गोल वाचला असता का, याची चर्चा कुणीही करावी. पण दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पगार इंग्लिश क्लबचा होता, आणि क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला हलताही येत नव्हतं. त्याच्यापुढे हा पेच उभा केला दोन संघटनांनी, त्याने नव्हे. डब्लिनने मात्र युद्ध संपेपर्यंत त्याला पुन्हा बोलावलं नाही.

सप्टेंबर 1946 मध्ये इंग्लंडचा संघ दोन्ही आयर्लंडशी खेळायला आला. शनिवारी बेलफास्टला 7-2 ने जिंकला आणि सोमवारी, 30 तारखेला, डॅलिमाउंटवर उतरला. डब्लिनच्या गोलात नऊ वर्षांपूर्वी अॅबर्डीनला गेलेला तोच माणूस होता. 82 व्या मिनिटापर्यंत त्याने इंग्लंडला गोल करू दिला नाही. मग एक झाला आणि सामना 1-0 असा संपला.