आंबा न चिरता, न वाटता

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आंब्याचा सीझन सुरू झाला की तो मेसेज येतोच, आंबा बादलीत टाका, तरंगला तर कार्बाइडने पिकवलेला. अहो, तरंगणारा आंबा बहुतेक वेळा कोवळाच उतरवलेला असतो, तयार फळ पाण्याहून जड म्हणून ते बुडतं, कार्बाइडचा इथे काय संबंध? सालीवर कुठलं कीटकनाशक किंवा बुरशीनाशक आहे ते बघायचं तर रेणूंचं वजन करावं लागतं, आणि ते काम मास स्पेक्ट्रोमीटरचं.

पण त्याचे नखरे फार. आत व्हॅक्यूम लागतो, शिवाय रेणूवर विद्युतभार असेल तरच तो त्याला दिसतो. म्हणून लॅबमध्ये नेहमी फळ चिरा, मिक्सरमधून काढा, अ‍ॅसिटोनायट्राइल नावाच्या द्रावकात घुसळा, सेंट्रिफ्यूज करा, आणि मग कुठे मशीन. 2004 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत ग्रॅहम कूक्स यांच्या टीमने ही सगळी कटकटच टाळली. पद्धतीचं नाव डेसी. मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणाला काही हजार व्होल्ट द्यायचे आणि नायट्रोजनच्या झोताने त्याचा फवारा उघड्या हवेत थेट सालीवर मारायचा. आधीच्या थेंबांचा पातळ ओला थर होतो, सालीवरचं रसायन त्यात विरघळतं, मग मागचे थेंब त्या थरावर आपटतात आणि पावसात घोडबंदर रोडला पँटवर शिंतोडे उडतात तसे आणखी बारीक थेंब उडतात, पोटात रसायनाचे रेणू घेऊन.

खरी मजा पुढे आहे. उडता उडता थेंब सुकतो, लहान होतो, पण भार तेवढाच राहतो. एकाच जातीचे भार एकमेकांना ढकलतात, पृष्ठताण थेंबाला धरून ठेवतो, आणि एका मर्यादेला पृष्ठताण हरतो नि थेंब फुटतो. ही मर्यादा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी 1882 मध्येच गणिताने काढली होती! फुटलेले थेंब परत सुकतात, परत फुटतात, शेवटी नुसता भारित रेणू उरतो आणि मशीन त्याला आत ओढून घेतं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घ्या, रेणूचं वजन 191, एक प्रोटॉन चिकटला की 192 वर दिसतं. त्याला आत धक्का देऊन तोडलं की मिथेनॉलचे 32 गळून 160 चा तुकडा उरतो, म्हणजे नुसतं वजन जुळलं असं नाही, ओळखही पटली.

डेसीच्या पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, डार्ट नावाची तशीच पद्धत आली, त्यात फवाऱ्याऐवजी उत्तेजित हेलियम. कूक्स यांच्या टीममधले झोल्टान टाकाच पुढे लंडनला गेले, तिथे ऑपरेशनच्या चाकूतून निघणारा धूर तपासून हा टिश्यू कॅन्सरचा की चांगला ते सांगणारा चाकू त्यांनी बनवला.

आता काही सेकंदात सगळं कळतं वगैरे वाचून हुरळून जाऊ नका. रसायन आहे का हे पटकन कळतं, किती आहे हे सांगणं अवघड, कारण फवाऱ्याचा कोन, साल किती खडबडीत, बाकीचे क्षार भार पळवतात का, सगळ्याने सिग्नल हलतो. आणि सारख्याच वजनाचे दोन आयसोमर, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी असे रेणू, आले तर बऱ्याचदा तेही वेगळे काढता येत नाहीत. रसायन कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं असा पक्का रिपोर्ट द्यायचा असेल तर अजूनही मिक्सर चालवावाच लागतो.