ठेका न सोडणारं दुःख: स्कॉटिश फिडल आणि आयरिश फिडल

इंटरनेटवर 'केल्टिक' अशी चिठ्ठी लावून जे वाजतं, त्यात स्कॉटलंड आणि आयर्लंडची इतकी सरमिसळ असते की ऐकणाऱ्याला वाटावं, धुक्यातल्या डोंगरांचं एकच एक हळवं संगीत आहे आणि ते कुठल्याशा हिरव्या बेटावरून येतं. वाद्य तर दोन्हीकडे तेच, आपलं नेहमीचं व्हायोलिन. फिडल म्हटलं म्हणून त्याचं लाकूड बदलत नाही. दोन्हीकडे नाचाच्या वेगवान धुना आहेत, म्हणजे जिग आणि रील (इन्स्टाग्रामवरच्या नव्हेत), आणि मरणावर, विरहावर, सुटलेल्या गावावर बांधलेल्या संथ धुना आहेत. मग कोणतं कुठलं, हे ओळखायचं कसं?

एखादी संथ धून लावा आणि पायाने ठेका धरून पाहा. धरता आला तर धून बहुधा स्कॉटिश. पाय गोंधळून थांबला तर बहुधा आयरिश. चाचणी ढोबळ आहे, पण दोन्ही संगीतं मनाला कुठून हात घालतात त्याची खूण या ठेक्यातच आहे.

स्कॉटिश बाजूने बोलायचं तर सुरुवात नील गाऊपासूनच करावी लागते. 1727 साली जन्मलेला हा पर्थशरचा माणूस, डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावात राहायचा. अ‍ॅथॉलच्या ड्यूकांचा त्याला आश्रय होता आणि बड्या घरांतल्या नाचांना त्याच्या फिडलशिवाय रंग चढत नसे. रेबर्नसारख्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, कवी रॉबर्ट बर्न्स 1787च्या प्रवासात त्याला येऊन भेटला. असा हा नाचाचा वादक. त्याची दुसरी बायको मार्गारेट अर्कहार्ट 1805 साली गेली, तीस वर्षांहून अधिक संसार करून. गाऊ तेव्हा अठ्ठ्याहत्तरीत पोचला होता. तिच्यासाठी त्याने केलेली शोकधून आज स्कॉटिश फिडलमधली सगळ्यात प्रसिद्ध संथ धून आहे. तिच्यानंतर दोन वर्षांनी तोही गेला.

ही धून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकवते. शोकधून म्हटल्यावर आपण कोमल गंधार-धैवताची वाट पाहतो, आणि ही निघते चक्क मेजर स्केलमध्ये, सगळे स्वर शुद्ध. तालही सहा मात्रांचा, झुलता. कागदावर पाहिली तर कुणी तिला अंगाईसुद्धा म्हणेल. दुसऱ्या भागात चाल वर चढते, क्षणभर वाटतं की आता काहीतरी फुटणार, पण काही फुटत नाही. ती ओळ पुरी करते आणि आपल्या जागी परत येते. माझ्या मते तिची सगळी ताकद इथे आहे. म्हातारा रडत बसलेला नाही. तो जे होतं त्याचं कौतुक करतो आहे, आणि ते आता नाही हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं आहे. शुद्ध गंधारातलं दुःख कोमल गंधारातल्या दुःखापेक्षा जास्त बोचतं असं मी म्हणेन. यावर वाद घालायला मी तयार आहे.

आणि ही एकटी धून नाही. जेम्स स्कॉट स्किनर (1843–1927) हा बॅन्करीचा, स्वतःला 'स्ट्रॅथस्पे किंग' म्हणवून घेणारा वादक. लहानपणी त्याला पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनचं रीतसर शिक्षण मिळालं होतं आणि सहाशेहून अधिक धुना त्याच्या नावावर आहेत. 'हेक्टर द हीरो' ही त्याची 1903 सालची शोकधून. हेक्टर मॅकडोनल्ड हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती होऊन अफगाण युद्धातल्या पराक्रमावर अधिकारी झाला आणि पुढे मेजर जनरल. सिलोनमध्ये सेनापती असताना त्याच्यावर समलैंगिक संबंधांचे आरोप झाले, कोर्ट मार्शलची तयारी झाली, आणि मार्च 1903 मध्ये त्याने पॅरिसच्या एका हॉटेलात स्वतःला गोळी घातली. एवढी काळी हकीकत, आणि स्किनरची धून तीन मात्रांची, पुन्हा मेजर स्केलमध्ये. तिच्यावर वॉल्ट्झ नाचता येतो आणि लोक नाचतातही. अपमानाचा, आरोपाचा उल्लेख त्या सुरांत कुठेही नाही, नावात फक्त 'वीर' आहे. हा मला स्कॉटिश स्वभावच वाटतो, बोलायचं ते सोडून बाकी सगळं नीट वाजवायचं.

हा ठेका येतो कुठून? नाचातून. स्कॉटलंडचा खास म्हणावा असा नाचाचा प्रकार म्हणजे स्ट्रॅथस्पे, स्पे नदीच्या खोऱ्याचं नाव लागलेला. चार मात्रांचा, रीलपेक्षा संथ, आणि त्यातली ओळखीची लकब अशी की छोटा स्वर आधी येतो, नेमका ठोक्यावर, आणि लांब स्वर त्याच्या मागून. आपण 'लांब, मग छोटा' अशा चालीला सरावलेले असतो, इथे उलटं घडतं. त्याला म्हणतात स्कॉट्स स्नॅप. नाचाच्या गतीत तो झटका पायाला उचलून धरतो. तोच झटका संथ गतीत घेतला की श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटतो. संथ स्ट्रॅथस्पे हा नाचण्यासाठी नसून ऐकण्यासाठीच बांधलेला प्रकार त्यातूनच झाला. नाचाची हाडं तशीच ठेवून वर भावनेचं मांस चढवलेला.

हे सगळं काम गजाचं. व्हायोलिनचा गज खाली ओढताना जोर आपोआप येतो, वर ढकलताना तो मारावा लागतो. नील गाऊची ख्याती होती ती त्याच्या वर जाणाऱ्या गजाच्या जोराची, आणि ईशान्य स्कॉटलंडच्या वादनात आजही हा वर रेटलेला गज ऐकू येतो. म्हणून स्कॉटिश फिडलमधली भावना उजव्या हातात आहे असं मी म्हणतो. बोटं स्वर शोधतात, पण तो स्वर कसा तोडायचा, कुठे धरून ठेवायचा, किती चावून सोडायचा, हे गज ठरवतो.

दुसरी गोष्ट, या धुना लिहिल्या गेल्या, छापल्या गेल्या आणि त्यांना कर्ते आहेत. रॉबर्ट ब्रेम्नरने 1757च्या सुमारास रील छापायला सुरुवात केली, गाऊ घराण्याचे संग्रह 1784 पासून निघू लागले. विल्यम मार्शल हा गॉर्डनच्या ड्यूकांच्या घरचा बटलर, पण स्ट्रॅथस्पे रचण्यात बर्न्सने त्याला त्या काळात पहिला नंबर दिला. धुनांची नावं मात्र आश्रयदात्यांना खूश करणारी असत. अमुक लेडी, तमुक ड्यूक, ॲडमिरल गॉर्डनची कन्या. ऐकून गळा दाटून यावा आणि नाव मात्र आमंत्रणाच्या यादीतून उचललेलं! ही शेवटची कन्या खरीच आहे. तिच्या नावाच्या मार्शलच्या स्ट्रॅथस्पेवर बर्न्सने 1788 साली आपल्या बायकोसाठी, जीनसाठी, प्रेमगीत लिहिलं आणि पुढे गाणंच जास्त गाजलं.

आता आयर्लंड. तिथली संथ धून बहुतेक वेळा मूळची धून नसतेच, ते गाणं असतं. शॅन-नोस म्हणजे आयरिश भाषेतली जुनी गायकी. साथीला काही नाही, एकटा गळा, आणि ठेक्याला जवळजवळ सुट्टी. कॉनेमारासारख्या भागांत ती टिकून आहे. गायक ओळीतल्या शब्दाप्रमाणे रेंगाळतो, मध्येच लगबगीने पुढे जातो, एखाद्या अक्षरावर पाच-सहा स्वरांची जाळी विणतो आणि पुढच्या कडव्यात तीच जागा वेगळी घेतो. फिडलवाला जेव्हा 'रोशीन दुव'सारखी धून घेतो तेव्हा तो हे गाणं वाजवत असतो. म्हणूनच तिथले जाणते शिक्षक सांगतात की शब्द माहीत नसतील तर संथ धूनीला हात लावू नका. ठेका लावून बसलेल्याची इथे फजिती होते, कारण ठेका वाक्याच्या मागे चालतो.

इथली भावना बरीचशी डाव्या हातात असते. रोल, कट अशा स्वर सजवण्याच्या लकबी, बोटांचे बारीक फटकारे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. गज असतोच, पण तो बहुतेक वेळा स्वरांना जोडत नेतो, तोडत नाही. स्लायगोच्या मायकल कोलमनने 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या तबकड्या आयर्लंडला परत गेल्या आणि तिथले वादक त्याच्यासारखं वाजवू पाहू लागले. त्या तबकड्यांवरचे रील ऐकले तर बोटांची ही करामत लगेच कळते. त्यांतले कित्येक रील मुळात स्कॉटलंडहून आलेले, हीही एक गंमत. नील गाऊचा मुलगा नॅथॅनिएल याने फाइफच्या एका बॉलसाठी, म्हणजे नाचाच्या समारंभासाठी, रचलेला 'फेअरी डान्स' आयर्लंडमध्ये 'फेअरी रील' होऊन इतका रुळला की तो बाहेरचा आहे हे सांगावं लागतं.

मराठी कानाला आयरिश संथ धून लवकर जवळची वाटते, यात नवल नाही. आपल्याकडे व्हायोलिन गळ्याच्या मागोमाग चालत आलं. गजाननराव जोशी गायक होते आणि व्हायोलिनवादकही, प्रभाकर जोगांच्या कार्यक्रमाचं नावच 'गाणारं व्हायोलिन'. श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणत असतो आणि व्हायोलिन ते किती हुबेहूब म्हणतं यावर दाद देतो. त्या सवयीने स्कॉटिश फिडल ऐकलं तर ते सुरुवातीला कोरडं, थोडं करकरीतच लागतं. मींड कमी, तोडणं जास्त. आपण गाण्याची वाट पाहतो आणि समोर नाच चालू असतो.

पण तो नाच थोडा वेळ सोसा, कारण स्कॉटिश मैफलीची खरी खुमारी त्या क्रमात आहे. आधी संथ धून, मग मार्च म्हणजे संचलनाच्या चालीची धून, मग स्ट्रॅथस्पे आणि शेवटी रील, असा जोडून वाजवायचा रिवाज तिथे आहे. शोकधून संपते आणि वादक न थांबता मार्चवर येतो, झटक्यांनी स्ट्रॅथस्पे बांधतो आणि एका क्षणी सगळे झटके सोडून रीलच्या सरळ धारेत उतरतो. स्ट्रॅथस्पेतून रीलमध्ये पडण्याचा तो क्षण ऐकणाऱ्याला खुर्चीत बसू देत नाही. आणि लक्षात येतं की पहिल्या धूनीतलं दुःख कुणी पुसलेलं नाही, तेच आता पायांत आलं आहे. आयरिश बैठकीत संथ धून बहुतेक वेळा एकटी येते. खोली शांत होते, ती होऊन जाते, आणि रीलचा पुढचा सेट वेगळा सुरू होतो.

दुःख पायांत आणण्याच्या या स्कॉटिश रीतीचं टोक म्हणजे जेम्स मॅकफर्सनची कथा. नोव्हेंबर 1700 मध्ये बॅन्फ गावात फासावर गेलेला हा दरोडेखोर फासाखाली उभा राहून स्वतःची धून वाजवून गेला आणि फिडल घ्यायला कुणी पुढे येईना म्हणून त्याने ते मोडून टाकलं, असं सांगतात. फाशी खरी, बाकीची दंतकथा. न्यूटनमोरच्या संग्रहालयात मोडक्या फिडलचे तुकडे मात्र ठेवले आहेत. दंतकथेत तो माणूस विलाप करत नाही, हे पाहण्यासारखं. त्याच्या नावावरची धून जोमदार आहे.

सीमारेषेवर मात्र माझी वाटणी टिकत नाही. नॉकीच्या सायमन फ्रेझरने 1816 साली हायलंड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, धुनांचा जो संग्रह काढला, त्यातल्या बऱ्याच तिथल्या गेलिक भाषेतल्या गाण्यांवरून आलेल्या. तिथे स्कॉटिश फिडलही शब्दांच्या मागे जातं आणि ठेका सैल होतो. उलट आयर्लंडच्या उत्तर टोकाला डोनेगलमध्ये गज तुटक आणि ठसकेबाज चालतो. तिथले मजूर पिढ्यान्‌पिढ्या हंगामाला स्कॉटलंडला जात, आणि तिथून आलेला स्ट्रॅथस्पे डोनेगलमध्ये 'हायलंड' या नावाने नाचला जातो. जॉन डोहर्टीचं वादन ऐकून एखाद्याने त्याला स्कॉटिश म्हटलं तर त्यात अडाणीपणा नाही.

शेटलंड बेटांचं तर तिसरंच. नकाशावर ती स्कॉटलंडची, पण कानाला नॉर्वेचा शेजार जाणवतो. शेजारची तार सतत सोबत घुमत ठेवायची तिथली रीत आहे. तिथल्या टॉम अँडरसनने 1969च्या जानेवारीत 'दा स्लॉकिट लाइट' म्हणजे 'विझलेला दिवा' ही धून रचली. रात्री आपल्या जन्मगावाहून, एशानेसहून निघताना मागे वळून पाहिलं तर पूर्वीच्या मानाने दिवे फारच थोडे, आणि तेही एकेक करून विझत होते. बायकोही नुकतीच गेली होती. ओस पडणारं गाव आणि रिकामं घर एकाच धूनीत आलं. तिच्यातही ठेका सुटत नाही, आणि मेजर स्केलही.

ऐकायला सुरुवात करायची तर गाऊची शोकधून आधी एकट्या फिडलवर ऐका, पियानो किंवा गिटारची साथ नसलेली. साथीदार खाली उदास स्वर भरू लागले की तिचं आवरतं घेणं बुजून जातं. आयरिश धूनीचं उलट करा. मूळ गाणं आधी गळ्यातून ऐका, जो हीनीसारख्या कॉनेमाराच्या गायकाचं मिळालं तर उत्तम, आणि मग तीच चाल फिडलवर. चित्रफितींखालच्या 'केल्टिक' या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता वादकाचं गाव शोधा. अ‍ॅबर्डीनशर, शेटलंड, डोनेगल, क्लेअर, यांपैकी एक नाव कळलं की कशाची वाट पाहायची ते बरंचसं ठरतं.