फिजिओथेरपिस्ट आणि एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट: गुडघा एकच, प्रश्न दोन

एसीएल लिगामेंटची, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणाऱ्या एका बंधाची, शस्त्रक्रिया झालेली एक खेळाडू एका पायावर बैठका काढते आहे. शेजारी दोघं उभी आहेत. एकाचं लक्ष तिचा गुडघा आत झुकतोय का याकडे. तो सूज चाचपतो आणि म्हणतो, ‘आज एवढंच पुरे.’ दुसरीच्या हातात आकडे: ऑपरेशन झालेल्या मांडीचा जोर दुसऱ्या मांडीच्या किती टक्के भरला. पहिला फिजिओथेरपिस्ट, दुसरी एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट. नावात ‘फिजिओ’ दोन्हीकडे आणि व्यायामही तोच, म्हणून अनेक जण, कॉलेज निवडणारी मुलंसुद्धा, दोघांना एकच समजतात.

फिजिओथेरपिस्ट उपचार करतो. दुखतंय कुठे, सांधा किती वाकतो, आज काय झेपेल, हे तो समोरच्या माणसापुरतं ठरवतो. या पेशाचं मूळ रुग्णसेवेत आहे. १८९४ साली इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली, तीच पुढे चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली.

फिजिओलॉजिस्टचं मूळ प्रयोगशाळेत. स्नायू काम करताना किती उष्णता निर्माण करतो हे मोजणाऱ्या ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं. श्रमाने शरीरात काय बदलतं, आणि श्रम थांबले की काय बिघडतं, हा या शास्त्राचा प्रश्न. दुखापतीच्या संशोधनात त्यातला दुसरा भाग फार मोलाचा ठरतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर मधल्या ३० वर्षांच्या वयाने जेवढं नेलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं! हे कळल्यापासून ‘आराम करा’ या सल्ल्याकडे मी निर्धास्तपणे बघू शकत नाही.

असं काही शोधून काढायचं तर रोजचं काम मात्र संथ असतं. एथिक्स कमिटीची परवानगी, सहभागी मिळवणं, तीच चाचणी त्याच पद्धतीने शेकडो वेळा घेणं, आकडेवारी, निधीसाठी अर्ज. पदव्युत्तर शिक्षण, बहुधा पीएचडी, आणि मग नोकरी विद्यापीठात, क्रीडासंस्थेत किंवा रुग्णालयाच्या संशोधन विभागात. रुग्ण बरा होऊन हसत घरी गेला, हे समाधान इथे क्वचितच वाट्याला येतं. मिळतं ते उशिरा, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्यात.

उदाहरण द्यायचं तर एसीएलचंच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटत गेली. दोन्ही मांड्यांचा जोर जवळपास सारखा असणाऱ्यांनाही धोका कमी होता. पाहणी एवढंच दाखवते. उशीर हेच कारण, असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. पण सहाव्या महिन्यात ‘आता खेळू का?’ विचारणाऱ्या मुलीला थांब म्हणताना फिजिओथेरपिस्टच्या हाती आता नुसता अंदाज नसतो.

दोघांमधली भिंत पक्की नाही. बरेच संशोधक आधी फिजिओथेरपिस्ट होते. ऑस्ट्रेलियात तर मान्यताप्राप्त एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट थेट रुग्णांनाही व्यायाम आखून देतात. तरी पाय नुकताच मुरगळला असेल, सुजला असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच गाठा. संशोधनासाठी सहभागी हवेत अशी सूचना कधी दिसली आणि उपचार करणाऱ्याची हरकत नसेल, तर नाव जरूर द्या. आज शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवून चालवतात, त्यामागच्या पुराव्यात डॅलसच्या त्या पाच जणांनी दिलेल्या तीन आठवड्यांचाही वाटा आहे.