गतिमान अणू आणि निर्वात पोकळीतील चढउतार : पार्श्वभूमी

रिकाम्या पोकळीतून एकसमान वेगाने जाणाऱ्या अणूला पोकळी अडवते का? या प्रश्नाची मुळे 1910 मध्ये आहेत. प्रारणातून (प्रकाशासारख्या लहरींतून) सरकणाऱ्या दोलकावर (अणूच्या साध्या प्रतिरूपावर) वेगाच्या उलट दिशेने बल येते, हे आइन्स्टाइन आणि लुडविग हॉप्फ यांनी त्या वर्षी दाखवले. डॉप्लर परिणामामुळे समोरून येणाऱ्या लहरींची वारंवारता वाढलेली भासते आणि मागून येणाऱ्यांची घटलेली. दोन्हींचे धक्के एकमेकांना पुरते रद्द करत नाहीत. मात्र हे बल वर्णपटाच्या आकारावर अवलंबून असते. ऊर्जेची घनता वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढत असेल, तर ते नेमके शून्य होते. शून्यबिंदू ऊर्जेचा, म्हणजे रिकाम्या पोकळीतही उरणाऱ्या विद्युतचुंबकीय चढउतारांच्या ऊर्जेचा, वर्णपट नेमका तसाच आहे. म्हणून एकसमान गतीला पोकळीचा अवरोध नाही, आणि सापेक्षतेलाही हेच हवे असते.

तरीही हे चढउतार अणूवर ठसा उमटवतात. 1947 मध्ये विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजन अणूंच्या झोतावर सूक्ष्मलहरी सोडल्या. डिरॅकच्या (इलेक्ट्रॉनच्या सापेक्षतावादी क्वांटम) समीकरणानुसार ज्या दोन पातळ्या एकाच ऊर्जेच्या असायला हव्यात, त्यांच्यात सुमारे 1,000 मेगाहर्ट्झचे अंतर निघाले. हान्स बेथे यांनी त्याच वर्षी गणिताने 1,040 काढले. आजचे मूल्य सुमारे 1,058 आहे.

जवळ भिंत आली की चित्रच बदलते. कॅसिमिर आणि पोल्डर यांनी 1948 मध्ये अणू आणि धातूच्या भिंतीमधील आकर्षणाचे गणित मांडले. अगदी जवळ स्थितिज ऊर्जा अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. दूर गेल्यावर प्रकाशाच्या जाण्यायेण्याचा वेळ जाणवू लागतो आणि तिथे चौथा घात येतो. याचा ठोस पुरावा 1993 मध्ये येल विद्यापीठात मिळाला: सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्यांमधल्या मायक्रॉनभर फटीतून सोडियमचे अणू सोडले. फट अरुंद केली की भिंतीकडे ओढले जाऊन अधिक अणू चिकटत आणि पलीकडे कमी पोहोचत. ही घट चौथ्या घाताशी जुळली, जवळच्या अंतरांच्या नियमाशी नाही. 2005 मध्ये एरिक कॉर्नेल यांच्या गटाने रुबिडियमचे बोस-आइन्स्टाइन संघनित (एकाच क्वांटम अवस्थेतील अतिशीत अणूंचा ढग) पृष्ठभागापासून काही मायक्रॉनवर डोलवून, दोलनाच्या वारंवारतेतील बदलावरून हे बल मोजले. अशा मोजणीतली खरी अडचण पृष्ठभागावर चिकटलेल्या अणूंची असते: त्यांचा विद्युतभार किंचित सरकून भटकी क्षेत्रे तयार होतात आणि ती मोजायच्या बलाची बतावणी करतात.

त्वरण हा आणखी वेगळा मामला. 1976 मधील भौतिकशास्त्रज्ञ उन्रू यांच्या सूत्रानुसार त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला पोकळी उष्ण भासते, पण 1 केल्विनसाठी सुमारे 2.5 गुणिले दहाचा विसावा घात मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण लागते. भिंतीला समांतर धावणाऱ्या अणूवरचे क्वांटम घर्षण (या चढउतारांमुळे भिंतीजवळ अपेक्षित असलेला अवरोध) मात्र अजून प्रयोगात निर्विवादपणे पकडले गेलेले नाही.

2017 मध्ये सोनलाइटनर, ट्राउटमान आणि बार्नेट यांनी एक जुनी वाटणारी शंका नव्याने तपासली. उत्तेजित, गतिमान अणू प्रकाश सोडतो तेव्हा गणितात वेगाच्या प्रमाणात अवरोध दिसतो. तो घर्षण नव्हे: प्रकाशाबरोबर अणूचे वस्तुमान किंचित घटते, म्हणून संवेग कमी होतो आणि सरासरी वेग आहे तसाच राहतो.