सायकल : सुरुवातीचा विकास

सायकल हे पायांच्या बळावर चालणारे दुचाकी वाहन. द सिव्राक नावाच्या फ्रेंच माणसाने १७९० च्या सुमारास ते काढले, असे जुन्या पुस्तकांत आढळते. ती दंतकथा आहे. खरी सुरुवात जर्मनीत झाली. बाडेन संस्थानातील वनाधिकारी कार्ल फोन ड्राइस १२ जून १८१७ रोजी मॅनहाइमहून आपल्या लाकडी गाडीवर बसून फेरी मारून आले. गाडीला दोन चाके होती, पुढचे वळवता येई, पण पायडल नव्हते. बसल्या जागेवरून पायांनी जमीन रेटत पुढे जायचे. खडबडीत रस्ता सोडून लोक ती पादचाऱ्यांच्या वाटेवर घालू लागले आणि लवकरच तिच्यावर बंदी येऊ लागली.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. ही कल्पना मिशो पितापुत्रांची की प्येर लालमाँ यांची, हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेतील पेटंट मात्र १८६६ मध्ये लालमाँ यांना मिळाले. लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव, त्यामुळे इंग्रजांनी तिला ‘हाडे खिळखिळी करणारी’ म्हटले ते रास्तच.

पायडल थेट चाकालाच असल्याने पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. वेग हवा तर चाक मोठे करा, एवढाच उपाय. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर जाते. एवढे चाक हलके ठेवणे जमले ते तारेच्या आऱ्यांमुळे. बैलगाडीचा आरा भार दाबाखाली पेलतो. तारेचा आरा ताणून बसवलेला असतो, म्हणून बारीक असूनही पुरतो. कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७० च्या दशकात अशा उंच सायकली रूढ केल्या. स्वार जवळपास पुढच्या चाकाच्या माथ्यावरच बसे. वाटेत धोंडा लागला की तोंडघशी पडे. तरीही टॉमस स्टीव्हन्स यांनी १८८४ ते १८८६ मध्ये अशाच सायकलीवरून जगप्रवास केला; त्यात लाहोर ते कलकत्ता हा टप्पाही होता.

चेनने हे गणित बदलले. पायडलजवळचे दातेरी चक्र मोठे, मागच्या चाकाचे लहान. मग छोटे चाकही पायडलच्या एका फेऱ्यात अनेकदा फिरते. जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांची १८८५ ची ‘रोव्हर’ याच तत्त्वावर होती आणि आजच्या सायकलीची ठेवण तिच्यातूनच आली. लहान चाकांना धक्के मात्र जास्त बसत. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. पुढे ते रद्द ठरले, कारण रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्येच तशा टायरचे पेटंट घेतले होते.